ओढ्यावरचे मातीचे धरण पूर अडवते का?

दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की कृष्णाकाठच्या चर्चेत दोन विषय हमखास येतात. पहिला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाण्याचा. दुसरा असा, की वरच्या अंगाला प्रत्येक ओढ्यावर मातीचे लहान धरण घातले, तर पाणी जागच्या जागी अडेल आणि खाली पूर येणारच नाही. अलमट्टीवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. दुसरी सूचना मात्र ऐकताक्षणी पटते, म्हणून तिची हिशेबाने तपासणी सहसा होत नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडच्या तालुक्यांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. तिथे वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, पण परतीच्या पावसात त्यातला मोठा हिस्सा एखाद्या रात्रीत कोसळतो, दहा महिने कोरडा असलेला ओढा फरशीपुलावरून वाहू लागतो आणि काठावरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतली माती घेऊन जातो. या भागात ओढ्यांवर मातीची धरणे नवीन नाहीत. त्यांतली पुष्कळशी १९७२ च्या दुष्काळात, लोकांच्या हातांना काम मिळावे म्हणून, पाझर तलावांच्या रूपाने उभी राहिली. ही धरणे पूर अडवतात का, किती अडवतात, आणि ती स्वतःच धोक्याची केव्हा होतात, हे समजून घेणे कृष्णाकाठाला जितके गरजेचे आहे तितकेच माणदेशालाही आहे.

आधी दोन मापे

वर्तमानपत्रांत पुराच्या काळात दोन मापे सतत येतात. टीएमसी हे साठ्याचे माप आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. क्युसेक हे प्रवाहाचे माप आहे. एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी पुढे जात असेल, तर तो एक क्युसेक.

या दोन मापांचा एकमेकांशी संबंध एकदा लक्षात आला, की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. नदीतून एक लाख क्युसेक पाणी सलग चोवीस तास वाहिले, तर त्याचा साठा ८.६४ टीएमसी होतो. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेर धरणाची पूर्ण क्षमता सुमारे दहा टीएमसी आहे. म्हणजे मोठ्या पुरातल्या कृष्णेचे एका दिवसाचे पाणी साठवायचे, तर जवळजवळ कण्हेरएवढे एक धरण रिकामे असावे लागेल.

पूर अडवणे म्हणजे नेमके काय?

धरण पाणी नाहीसे करत नाही. पुराच्या बाबतीत ते एकच काम करते, आणि ते म्हणजे पाण्याचा वेळ बदलण्याचे. न्हाणीघरातल्या मोरीत बादली एकदम उपडी केली, तर मोरी काठोकाठ भरते, पण तिच्या भोकातून बाहेर पडणारी धार मात्र बारीकच राहते, कारण भोक तेवढेच असते. मोरीचा काठ जितका उंच, तितके पाणी ती तेवढ्यापुरते पोटात घेते आणि मग सावकाश सोडते. पूरनियंत्रणाचे धरण याच तत्त्वावर काम करते.

आता आकडे घेऊ. समजा, एका ओढ्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावर पडलेला पाऊस त्या ओढ्यात येतो ते क्षेत्र, सहा चौरस किलोमीटर आहे. तिथे एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन लाख घनमीटर पाणी पडते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले किंवा शेतबांधांत अडले असे धरले, तरी दीड लाख घनमीटर पाणी ओढ्यात येते. हे पाणी तासाभरात वाहून गेले, तर ओढ्याचा सरासरी प्रवाह सुमारे १,४७० क्युसेक होतो. एवढ्या पाण्यात फरशीपुलावरून माणूस चालू शकत नाही आणि ट्रॅक्टरही नेऊ नये. तेच दीड लाख घनमीटर पाणी धरणात थांबून चोवीस तासांत बाहेर पडले, तर ओढ्यात केवळ ६१ क्युसेक पाणी वाहते आणि ते पात्राबाहेर येत नाही. पाऊस आणि पाणी दोन्ही वेळा सारखेच, तरी पहिल्या वेळी काठावरचे पीक जाते आणि दुसऱ्या वेळी वाचते.

धरणाखालच्या दोन-चार गावांसाठी हा फायदा मोलाचा आहे, आणि तो कमी लेखण्याचे काहीही कारण नाही. मात्र धरणापासून जितके खाली जावे तितका हा परिणाम विरळ होत जातो, कारण वाटेत असे अनेक ओढे येऊन मिळतात, ज्यांच्यावर कोणतेही धरण नसते.

मग सांगलीचा पूर याने थांबेल का?

याचे सरळ उत्तर नाही असे आहे, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एका साधारण पाझर तलावात दोन लाख घनमीटर पाणी मावते असे धरू. कृष्णेतून वाहणाऱ्या एक लाख क्युसेकचे एका दिवसाचे पाणी अडवायला असे बाराशेहून अधिक तलाव लागतील. तेही पावसाळा निम्मा सरल्यावर पूर्ण रिकामे असावे लागतील, आणि पूर्ण रिकामे असले तरी एका दिवसात भरून जातील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा पूर एका दिवसाचा नव्हता. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे आणि पाणी कित्येक दिवस तिच्या वर होते.

दुसरी गोष्ट पाऊस कुठे पडतो याची आहे. सांगलीचा पूर मुख्यतः सह्याद्रीच्या कुशीत, महाबळेश्वर, पाटण, जावळी, शिराळा या पट्ट्यात जन्माला येतो. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरच्या उदाहरणातल्या सहा चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस पडला, तर साडेपस्तीस लाख घनमीटर पाणी पडते, आणि दोन लाख घनमीटरचा तलाव सतरा-अठरा वेळा भरेल. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर खचले, हेही विसरता येत नाही. अशा तीव्र उताराच्या, पाण्याने जड झालेल्या जमिनीवर तलाव बांधायचा का, हा प्रश्न भूगर्भाची तपासणी झाल्याखेरीज सोडवता येत नाही.

तिसरी गोष्ट नकाशाची. येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते आणि अग्रणी कर्नाटकात जाऊन मिळते. माणगंगा तर कृष्णेकडे न येता भीमेला जाते. त्यामुळे माण किंवा आटपाडी तालुक्यात माणगंगेच्या ओढ्यांवर कितीही बांध घातले, तरी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळचे पाणी त्याने तसूभरही उतरणार नाही.

पुराचे पाणी उपसून दुष्काळी भागातल्या तलावांत टाकावे, ही सूचनाही याच मापाने मोजावी. टेंभू योजनेचे मूळ नियोजन वर्षभरात २२ टीएमसी पाणी उचलण्याचे आहे. वर्षभराचे हे पाणी म्हणजे एक लाख क्युसेकच्या पुराचे अडीच दिवस होतात. दुष्काळी गावांसाठी तो उपसा अनमोल आहे, त्यामुळे तो अवश्य व्हावा. पण त्याने पूर उतरेल अशी आशा लोकांना दाखवू नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्या आशेवर विसंबून पूररेषेच्या आत घरे बांधली जातात.

भरलेला तलाव पूर कसा अडवणार?

अडवत नाही, किंवा फारच थोडा अडवतो. लहान धरणांच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा बाजूला राहतो.

दुष्काळी गावाला तलाव भरलेला हवा असतो, आणि ते पूर्णपणे न्याय्य आहे. विहिरींचे पाझर, जनावरांचे पाणी, रब्बीची ज्वारी, सगळे त्या साठ्यावर अवलंबून असते. पूर अडवायचा, तर मात्र तलाव रिकामा हवा. सप्टेंबरअखेर, म्हणजे परतीचा पाऊस येण्याच्या तोंडावर, गावकरी तलाव काठोकाठ भरलेला पाहून समाधानी असतात, तेव्हाच त्या तलावाची पूर अडवण्याची ताकद सर्वांत कमी असते. पूर्वी आटपाडी-जतकडचे तलाव अनेकदा तोवर निम्मेही भरत नसत, त्यामुळे अवचित आलेला लोंढा ते पोटात घेत. आता टेंभू आणि म्हैसाळ योजनांच्या पाण्याने यातले काही तलाव आधीच भरून घेतले जातात. ही मोठी सोय आहे, पण तिच्यामुळे तलावातली रिकामी जागा कमी झाली आहे, आणि खालच्या गावांनी हा बदल ध्यानात घेतला पाहिजे.

तरीही भरलेला तलाव अगदीच निरुपयोगी नसतो. सांडव्यावरून, म्हणजे जादा पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेवरून, पाणी वाहू लागल्यावर तलावाची पातळी आणखी थोडी चढते. दहा हेक्टर पसरलेल्या तलावात ती एक मीटर चढली, तर लाखभर घनमीटर पाणी तेवढ्या काळापुरते तिथे थांबते. त्यामुळे लोंढ्याचे टोक थोडे बोथट होते, एवढेच.

केवळ पुरासाठी बांधलेली मातीची धरणे जगात आहेत, आणि ती कशी चालतात हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन शहर मार्च १९१३ मध्ये बुडाले. त्यानंतर त्या खोऱ्यात पाच मातीची धरणे बांधली गेली, ती १९२२ मध्ये पूर्ण झाली. त्यांना दरवाजे नाहीत. तळाशी काँक्रीटच्या कायम उघड्या मोऱ्या आहेत, त्यातून नदी एरवी आपल्या वाटेने वाहते आणि धरणामागच्या जमिनीवर शेती होते. पूर आला की मोरीतून मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, उरलेले मागे चढते आणि काही दिवसांत ओसरते. दरवाजेच नसल्यामुळे ते केव्हा उघडायचे, कोणी उघडायचे आणि उशीर का झाला, हे प्रश्नच तिथे उद्भवत नाहीत. पुढे १९५४ च्या एका कायद्यानंतर त्या देशात खेड्यापाड्यांतल्या ओढ्यांवर अशाच हेतूने मातीची लहान धरणे बांधली गेली आणि त्यांची संख्या अकरा हजारांच्या वर गेली. त्यांत बहुतेक ठिकाणी दोन्ही हेतू एकत्र सांभाळलेले असतात. खालच्या भागात थोडे पाणी कायम साठते, त्या पातळीवर एका उभ्या पाईपाचे तोंड असते, आणि त्याच्या वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. पुराचे पाणी त्या रिकाम्या जागेत चढते, पाईपातून हळूहळू उतरते, आणि त्याहूनही जास्त आले तर बाजूच्या सांडव्यावरून जाते.

आपल्याकडे नवीन तलाव आखताना हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. पण त्यासाठी गावाने काही पाणी जाणीवपूर्वक सोडून द्यायला तयार असावे लागते. ज्या गावाने टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत, त्याला हे सांगणे सोपे नाही, आणि ही अडचण मी खरी मानतो.

मातीची भिंत पाण्यात टिकते कशी?

शेताचा बांध एका पावसात वाहून जातो, मग मातीचे धरण शंभर वर्षे कसे टिकते, हा प्रश्न अनेकांना पडतो. माणदेशातला राजेवाडीचा तलाव आणि खटाव तालुक्यातला नेरचा तलाव ब्रिटिश काळातले आहेत आणि आजही पाणी धरतात.

याचे रहस्य भिंतीच्या रुंदीत आणि मातीच्या निवडीत आहे. दहा मीटर उंचीच्या धरणाचा माथा तीन मीटर रुंद असला, तरी दोन्ही बाजूंच्या उतारांमुळे त्याचा तळ पन्नास मीटरच्या आसपास रुंद होतो. दहा मीटर खोल पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला दहा टनांचा दाब असतो, आणि तो या भरावाच्या वजनाने पेलला जातो. भरावाच्या मधोमध चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे कवच असते, ते वजन देते आणि आकार टिकवते. गाभ्याखाली कठीण खडकापर्यंत चर खणून तोही चिकण मातीनेच भरतात, म्हणजे पाणी पायाखालून निसटत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांच्या माऱ्यापासून बचाव म्हणून दगडी पिचिंग असते, आणि पलीकडच्या पायथ्याला दगड-वाळूचा निचरा असतो.

माती जशी आली तशी ओतून चालत नाही. ती पातळ थरांत पसरून, बेताचे पाणी मारून, रोलरने दाबावी लागते. माती कोरडी असेल तर दाबूनही पोकळ राहते, फार ओली असेल तर लिबलिबीत होते. हे काम नीट झाले आहे की नाही, हे धरण पूर्ण झाल्यावर बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बांधकाम चालू असताना तिथे जाणकार डोळे असणे, नंतरच्या कोणत्याही चौकशीपेक्षा जास्त उपयोगाचे.

सांडवा

मातीचे धरण एक गोष्ट मुळीच सहन करू शकत नाही. त्याच्या माथ्यावरून पाणी गेले, की पलीकडच्या उतारावरची माती कापली जाऊ लागते, घळ पडते, घळीतून जास्त पाणी येते, आणि ते आणखी माती कापते. दगडी किंवा काँक्रीटचे धरण माथ्यावरून पाणी गेल्यावरही काही काळ तग धरू शकते. मातीच्या धरणाला तेवढी सवड मिळत नाही.

हे होऊ नये म्हणून सांडवा असतो. सांडवा म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे निघून जावे यासाठी भरावाच्या एका टोकाला, शक्यतो कठीण जमिनीत, माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवलेली रुंद वाट. सांडव्याची पातळी आणि धरणाचा माथा यांच्यात दोनेक मीटरचे अंतर असते, आणि बघणाऱ्याला ती उंची वाया गेल्यासारखी वाटते. तिथूनच चुका सुरू होतात. तलावात आणखी थोडे पाणी राहावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचली जातात. कुठे मासे निसटू नयेत म्हणून आडवी जाळी बांधली जाते आणि तिला बाभळीच्या फांद्या, जलपर्णी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून तिचा बांधच तयार होतो. सांडव्यापुढची चर वर्षानुवर्षे कोरडी दिसते म्हणून कोणी तिच्यात ज्वारी पेरतो, कोणी रस्ता करून तिच्यात एखादा अपुरा पाईप टाकतो.

सांडव्यावरून जाणारे पाणी त्याच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. सांडव्यावर एक मीटर जाडीचा प्रवाह असताना जेवढे पाणी जाते, त्याच्या केवळ ३५ टक्के पाणी अर्धा मीटर जाडीच्या प्रवाहातून जाते. म्हणजे अर्धा मीटर उंचीची पोती रचली, की तलावाची पातळी तीच असताना सांडव्याची क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर येते. उरलेल्या पाण्याला मग माथ्याकडे चढण्याखेरीज वाट राहत नाही. एका पावसाळ्यात लाभलेल्या थोड्या जादा पाण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

गुजरातमधले मच्छू नदीवरचे मातीचे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले, त्यामागे हेच कारण होते. आलेला पूर सांडव्याच्या क्षमतेबाहेरचा होता आणि पाणी भरावावरून गेले. पानशेतची हकीकत थोडी निराळी आहे. तिथे धरण पूर्ण होण्याआधीच तलाव भरू लागला होता, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते आणि तिच्यावरचा भराव खचला. जवानांनी पोती रचून माथा राखण्याचा प्रयत्न केला, तरी १२ जुलै १९६१ च्या सकाळी पाणी माथ्यावरून गेलेच.

पाझर दिसला म्हणजे धरण फुटणार का?

नाही. मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते, आणि पाझर तलाव तर पाणी जमिनीत मुरावे म्हणूनच बांधलेला असतो. पाझराचा रंग, जागा आणि वेग पाहावा लागतो. पायथ्याच्या दगडी निचऱ्यातून स्वच्छ पाणी येत असेल आणि तलावाच्या पातळीबरोबर ते कमी-जास्त होत असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. पाणी गढूळ येत असेल, तर मात्र ते आपल्याबरोबर भरावातली माती घेऊन बाहेर पडत आहे. आत नळीसारखी पोकळी तयार होत असते आणि ती बाहेरच्या टोकाकडून तलावाकडे वाढत जाते. मे महिन्यात आजूबाजूचे सगळे गवत वाळलेले असताना भरावाच्या उतारावर मध्येच लव्हाळ्याचा हिरवा पट्टा दिसला, पाय ठेवल्यावर जमीन दबली, किंवा पायथ्याला वाळू उकळल्यासारखी वर येत असली, तर ती जागा खुणेने दाखवून ठेवावी. गळणारे पाणी एखाद्या चरीत एकत्र करून बादली किती वेळात भरते हे आठवड्याला मोजून लिहून ठेवले, तर साध्या वहीतूनही गळती वाढते आहे की स्थिर आहे ते कळते.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली. गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. धरण खेकड्यांनी पोखरले, असेही त्यानंतर सांगितले गेले. खेकडे, घुशी, साळिंदर भरावात बिळे करतात आणि त्यांतून पाण्याला वाट मिळू शकते, हे शास्त्राला धरूनच आहे. पण बिळे एका रात्रीत पडत नाहीत. ती दिसतात आणि वेळेवर बुजवताही येतात, म्हणूनच देखरेख असते.

भरावावर झाडे लावली तर मुळे माती धरून ठेवतील, असा एक समज आहे. ओढ्याच्या काठावर तो खरा आहे, भरावावर मात्र चुकीचा. झाड मेले की त्याची मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. वादळात मोठे झाड उन्मळले, तर भरावाचा लचका तोडूनच पडते. शिवाय दाट बाभळींच्या आड बिळे आणि भेगा दिसत नाहीत. भरावावर हराळीसारखे आखूड गवत असावे. रोपटे लहान असतानाच काढावे, आणि झाड मोठे झालेले असेल तर ते अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय तोडू नये, कारण कुजणारी मुळे आतच राहतात.

पन्नास वर्षे टिकले, आता काय व्हायचे?

हा आक्षेप अनुभवातून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. भारतीय मानकांनुसार लहान धरणाचा सांडवा साधारणपणे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखला जातो. याचा अर्थ असा पूर शंभर वर्षांच्या अंतराने येतो असा नाही. तो कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे, इतकेच. पन्नास वर्षांच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के होते. धरण आजवर टिकले ते भक्कम आहे म्हणून, की तसा पूर अजून आला नाही म्हणून, हे नुसत्या वयावरून ठरवता येत नाही.

दरम्यानच्या काळात बरेच बदललेलेही असते. तलावात गाळ साठून जागा कमी झालेली असते. पिचिंगचे दगड निसटलेले असतात, माथ्यावरून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन तो मधोमध दबलेला असतो, आणि पाणी माथ्यावरून जायचे तर सर्वांत आधी त्या दबलेल्या जागेवरूनच जाते. सर्वांत मोठा बदल धरणाच्या खाली झालेला असतो. बांधले तेव्हा ज्या ओढ्याकाठी नुसते माळरान होते, तिथे आता वस्ती, शाळा, पोल्ट्री आणि रस्त्याकडेची हॉटेले असतात. धरण तेच असले, तरी त्याच्या फुटण्याने होणारे नुकसान अनेकपटींनी वाढलेले असते.

गाळ काढण्याबाबत एक सावधगिरी. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे अनेक तलाव मोकळे झाले आणि शेतांना सुपीक माती मिळाली. पण गाळ तलावाच्या मध्यातून काढावा, भरावाच्या पायथ्याला लागून खणू नये. तिथला चिकण मातीचा थर पाणी पायाखाली शिरू देत नाही, आणि तो पोकलेनने खरवडला की मुरूम उघडा पडून गळतीला वाट मिळते.

देखरेख कोणाची?

राज्यात ढोबळमानाने शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्यावरील सहाशे हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे असतात. देशात २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू आहे. दहा ते पंधरा मीटरच्या धरणांना तो काही अटींवरच लागू होतो, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटर किंवा अधिक असेल तर. आपल्या ओढ्यांवरचे बहुतेक पाझर तलाव उंचीने आणि साठ्याने याच्या खाली येतात, म्हणजे कायद्याने सक्तीच्या केलेल्या नियमित तपासण्यांच्या कक्षेबाहेर राहतात. तिवऱ्याने दाखवून दिले, की धरण लहान असले म्हणून त्याखालच्या वाडीचा धोका लहान होत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतला तलाव कोणत्या विभागाच्या नोंदवहीत आहे हे लेखी विचारून घ्यावे आणि पावसाळ्याआधी त्या विभागाच्या अभियंत्याबरोबर भरावाची पाहणी मागावी. तलाव कोणत्याच नोंदवहीत नसेल, तर तीच पहिली तक्रार समजावी.

गढूळ गळती दिसली तर

सर्वांत आधी खालच्या वस्तीला सावध करावे, आणि तहसील कार्यालय व संबंधित विभागाला कळवावे. रात्र असेल तर सकाळची वाट पाहू नये.

अभियंता पोहोचेपर्यंत गावकरी जे करायला धावतात, त्यातली एक गोष्ट मात्र हमखास उलटी पडते. भरावाच्या बाहेरच्या बाजूने पाणी येते आहे असे दिसले, की त्या तोंडावर चिकण माती ठासून ते बंद करण्याकडे साहजिकच कल असतो. तसे केल्याने पाणी थांबत नाही. आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून, बहुधा जास्त जोराने, दुसरी वाट काढते. गळतीच्या तोंडावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी आणि शेवटी दगड असे थर द्यावेत. या थरांतून पाणी बाहेर येत राहते, पण माती मागेच अडते. पाण्याचा जोर वाळूलाच उचलून टाकत असेल, तर तोंडाभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करून आत थोडे पाणी साठू द्यावे, म्हणजे जोर कमी होतो आणि थर टिकतात.

तलावाची पातळी उतरवायची ती विमोचकातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीतून, आणि अभियंत्याच्या सांगण्यानुसार. पाणी फार झपाट्याने उतरले, तर आतल्या बाजूचा ओला भराव, त्याला टेकून असलेल्या पाण्याचा आधार गेल्यामुळे, घसरून तलावात पडू शकतो. घाईघाईने जेसीबी लावून सांडवा खोल करणे, किंवा भराव कुठेही कापणे, हा यावरचा उपाय नाही. कापलेल्या मातीत पाणी एकदा शिरले, की ती वाट किती रुंद करायची हे माणसाच्या हाती राहत नाही.